अप्रयुक्त पाठाचा प्रश्न : गेम बॉयच्या कॅसेटींत दडलेल्या सामग्रीचा विचार

ग्रंथाच्या पाठाची चिकित्सा करणाऱ्यास दोन प्रकारच्या सामग्रीशी व्यवहार करावा लागतो. जी वाचकापुढे ठेवण्यासाठी सिद्ध झाली ती एक. आणि जी रचनेच्या ओघात मागे राहिली, गाळली गेली अथवा लिहिली जाऊनही वाचकापर्यंत पोहोचली नाही ती दुसरी. या दुसऱ्या प्रकारचा एक विपुल साठा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उजेडात आला आहे. हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या ज्या लहान पेटीला आपल्याकडे मुले सर्रास ‘कॅसेट’ म्हणत, तिच्या आत खेळणाऱ्यास कधीही न दिसणारी चित्रे, कधीही न ऐकू येणारे आवाज आणि सुरावटी पडून असतात. हौशी शोधकांनी हा साठा मोठ्या चिकाटीने वाचला आहे. तथापि त्यांनी वापरलेली ‘अप्रयुक्त’ ही संज्ञा मात्र फार सैल राहिली आहे. तिचे नीट पृथक्करण केल्याशिवाय या सामग्रीवरून काढलेले निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.

प्रथम या ‘हस्तलिखिता’चे स्वरूप पाहू. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८९ साली गेम बॉय हे यंत्र बाजारात आणले. त्याचा पडदा १६० बिंदू रुंद व १४४ बिंदू उंच होता आणि त्यावर चारच छटा उमटत. चित्रे आठ बिंदू लांब व तितक्याच रुंद अशा तुकड्यांची जुळणी करून तयार होत. अशा एका तुकड्यास १६ बाइट जागा लागे. ध्वनीसाठी चार वाहिन्या होत्या. सुरावट ध्वनिमुद्रित नसे, तर कोणता स्वर, किती काळ, कोणत्या वाहिनीवर, अशा सूचनांच्या रूपाने स्वरलिपीसारखी लिहिलेली असे. म्हणूनच एखादी सुरावट खेळात कोठेही वाजत नसली, तरी ती वाचता येते आणि वाजवूनही पाहता येते. कॅसेटमधील चिपवर ही सर्व माहिती कारखान्यात एकदा उतरली की पुढे बदलत नसे. शेवटच्या घाईत एखादा भाग काढून टाकावा, तर त्यामागील मजकुराचे पत्ते सरकून चालता खेळ बिघडण्याची भीती असे. त्यामुळे नको असलेला भाग खोडण्यापेक्षा त्याकडे जाणारी वाट बंद करणे सोयीचे ठरे. कॅसेटीत अवशेष राहण्याचे एक मोठे कारण हे होय.

‘पोकेमॉन’ या खेळाच्या पहिल्या दोन आवृत्त्या, रेड आणि ग्रीन, जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत १५१ प्राणी आहेत. परंतु खेळाच्या अंतर्गत यादीत १९० क्रमांक आहेत. उरलेल्या ३९ जागा रिकाम्या असून त्या यादीच्या शेवटी एकत्र नाहीत, मधूनमधून विखुरलेल्या आहेत. त्या सर्वांवर ‘मिसिंगनो’, म्हणजे ‘हरवलेला क्रमांक’, एवढीच खूण आहे. प्रत्येक प्राण्याचा आवाज ३८ मूळ आवाजांपैकी एक घेऊन, त्याचा स्वर चढवून-उतरवून व लांबी कमी-अधिक करून बनविलेला आहे. या रिकाम्या जागांपैकी काहींच्या वाट्याला आवाजाची अशी तरतूद आजही शिल्लक आहे. चित्र गेले, नाव गेले, पण आवाज राहिला. येथे काही रचले गेले होते आणि मागाहून काढले गेले, असे अनुमान करण्यास हा सबळ आधार आहे.

याच वर्गात प्रोफेसर ओक यांचे प्रकरण येते. खेळाच्या आरंभी नायकाला पहिला प्राणी देणारे हे वृद्ध गृहस्थ खेळात कोठेही प्रतिस्पर्धी म्हणून उभे राहत नाहीत. परंतु कॅसेटीत त्यांच्यासाठी पाच-पाच प्राण्यांच्या तीन पर्यायी फळ्या लिहिलेल्या आहेत आणि त्यांतील प्राण्यांची पातळी ६६ ते ७० अशी आहे. अखेरच्या विजेत्याकडील सर्वांत बलवान प्राणी ६५ व्या पातळीवर असतो. तेव्हा ओक यांच्याशी लढत योजिली होती आणि ती विजेत्यानंतर यावयाची होती, हे अनुमान संयुक्तिक ठरते. मात्र ही लढत म्हणजेच ‘खेळाचा खरा शेवट’ होता आणि तो वाचकापासून लपविला गेला, हे जे विधान मोठ्या उत्साहाने केले जाते, त्यास या आकड्यांत आधार नाही. आकडे योजनेचा पुरावा देतात. ती का सोडली, याविषयी ते मूक आहेत. अशा सामग्रीस ‘मसुद्याचे अवशेष’ म्हणावे.

दुसरा वर्ग याहून अगदी निराळा आहे. रेड व ब्लू यांच्या इंग्रजी आवृत्त्यांच्या संकेतलेखात, प्रास्ताविक वगळून थेट खेळात शिरण्याची, तपासनिसांसाठी केलेली वाट शिल्लक आहे. तेथे नायकाचे नाव ‘निन्टेन’ व प्रतिस्पर्ध्याचे ‘सोनी’ असे आहे. बाजारातील स्पर्धेवरची ही खुसखुशीत कोटी मनोरंजक खरी, पण तिला कृतीचा गाळलेला भाग समजणे चूक होय. ती कारागिराची हत्यारे आहेत. इमारत पुरी झाल्यावर भिंतीत राहिलेल्या परांचीच्या भोकांना कोणी गाळलेल्या खिडक्या म्हणत नाही.

तिसरा वर्ग खुद्द मिसिंगनोच्या सुप्रसिद्ध चित्राचा. इंग्रजी आवृत्त्यांत विशिष्ट क्रमाने काही कृती केल्या असता, नायकाच्या नावातील अक्षरे यंत्राकडून प्राण्यांचे क्रमांक म्हणून वाचली जातात आणि पडद्यावर एक विस्कटलेली, चौकटीचौकटींची आकृती अवतरते. अनेकांनी तिला गाळलेला प्राणी मानले. वस्तुतः ती आकृती कोणीही काढलेली नाही. रिकाम्या जागेवरील निर्देश यंत्राला भलत्याच ठिकाणी नेतो आणि जी माहिती चित्र नव्हेच ती यंत्र चित्र म्हणून वाचते. मोडी न जाणणाऱ्याने मोडीतील कागद बालबोध समजून वाचावा आणि निघालेल्या निरर्थक अक्षरमालिकेस अप्रकाशित काव्य मानावे, तसाच हा प्रकार आहे. त्यास ‘भासपाठ’ म्हणणे योग्य.

परंतु ‘अप्रयुक्त’ या संज्ञेची खरी कसोटी चौथ्या वर्गात लागते. ‘पोकेमॉन क्रिस्टल’ ही आवृत्ती जपानमध्ये डिसेंबर २००० मध्ये आली. मोबाइल फोनला गेम बॉय जोडून चालणारी एक सेवा तेथे जानेवारी २००१ पासून डिसेंबर २००२ पर्यंत उपलब्ध होती. तिच्या साहाय्याने खेळणाऱ्यास ‘जी. एस. बॉल’ नावाची वस्तू मिळे. ती वस्तू इलेक्स अरण्यातील देवळीशी नेली की सेलेबी हा दुर्मिळ प्राणी प्रकट होत असे. २००१ सालच्या इंग्रजी आवृत्तीत ही सेवा नव्हती, म्हणून ती वस्तू मिळण्याची वाटही नव्हती. तथापि अरण्यातील तो प्रसंग संकेतलेखात कायम राहिला आणि मोबाइल सेवेच्या पडद्यांसाठी रचलेल्या सुरावटीही राहिल्या. इंग्रजी कॅसेट उघडून पाहणाऱ्यांनी या साऱ्याची नोंद ‘अप्रयुक्त’ म्हणून केली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये हाच खेळ ३डीएस या नव्या यंत्रासाठी पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा जी. एस. बॉलचा प्रसंग इंग्रजी खेळणाऱ्यांसाठीही खुला करण्यात आला. प्रसंग तोच असूनही एका देशात तो प्रयुक्त होता, दुसऱ्या देशात सतरा वर्षे अप्रयुक्त राहिला आणि नंतर तेथेही प्रयुक्त झाला. यावरून हे स्पष्ट होते की अप्रयुक्तता हा पाठाचा अंगभूत गुण नव्हे. पाठ, स्थळ, काळ आणि प्रयोक्ता यांमधील तो एक संबंध आहे.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा विचार परका वाटू नये. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात हाच प्रश्न उपस्थित केला आहे. ऊष, तेर, चक्र, पेच अशी क्रियारूपे व्याकरणाने सिद्ध होतात, पण ती कोणी वापरीत नाही. मग ती आहेत असे तरी कसे म्हणावे, अशी शंका तेथे घेतली आहे. तिला दिलेली उत्तरे क्रमाने पाहण्याजोगी आहेत. त्या रूपांच्या अर्थी लोक दुसरे शब्द वापरतात, हे मान्य केले आहे. शंभर वा हजार वर्षे चालणारी सत्रे आज कोणी करीत नसताही याज्ञिक त्यांचे विधान शिकवितातच, हा दृष्टान्त दिला आहे. आणि शेवटी सांगितले आहे की शब्दांच्या प्रयोगाचे क्षेत्र अफाट आहे. दुसऱ्या देशांत, वेदांत, शाखांत शोध घेतल्यावाचून ‘अप्रयुक्त’ हा शब्द उच्चारणे हे साहस होय. शंकाकाराने सांगितलेली रूपे वेदात आढळतात, हेही लगेच दाखवून दिले आहे. क्रिस्टलची इंग्रजी कॅसेट तेवढी पाहून निर्णय देणारा शोधक या शंकाकाराच्याच जागी उभा आहे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. व्याकरणातील अप्रयुक्त रूप नियमाने निष्पन्न होते. कॅसेटीतील अप्रयुक्त सामग्री कोणीतरी प्रत्यक्ष घडवून ठेवलेली असते. म्हणून तिच्या बाबतीत ‘संभवते काय’ हा प्रश्न उरत नाही. ‘कोणासाठी घडविली’ हा प्रश्न उरतो.

हा भेद पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मोटारी जुळविणाऱ्या कामगारास तो रोज दिसतो. एकाच मोटारीची बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल एकाच साच्यातील डॅशबोर्ड घेऊन बाहेर पडतात; स्वस्त गाडीत काही बटणांच्या जागी कोरी झाकणे बसविलेली असतात. ती गाडी घेणाऱ्यास झाकण हे काढून घेतलेल्या सुखाचे चिन्ह वाटते. जुळणी करणाऱ्यास ठाऊक असते की त्या जागेतून काहीही काढलेले नाही; तो साचा दुसऱ्या गाडीसाठीही आहे. जी. एस. बॉल हे असे कोरे झाकण आहे आणि प्रोफेसर ओक यांची लढत हा सोडून दिलेला आराखडा आहे. दोघांना एकच नाव दिल्याने विचारात गोंधळ होतो.

अंतर्गत पुराव्यावरून रचनेचा काळ ठरविणाऱ्यांसही येथे एक इशारा मिळतो. यादीत पहिल्या क्रमांकावर ऱ्हायडॉन आहे. खेळाच्या प्रकट क्रमात पहिला असलेला बल्बसॉर येथे १५३ व्या क्रमांकावर आहे. यावरून ही यादी प्राणी निर्माण झाल्याचा क्रम दर्शविते, असा सिद्धान्त मांडला गेला आणि तो पुष्कळ अंशी पटण्यासारखा आहे. परंतु म्यू हा प्राणी यादीत २१ वा आहे, आणि तो तर सर्वांत शेवटी आत आला. तपासणीची साधने काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली, तीत आपण म्यूला बसविले, असे शिगेकी मोरिमोतो या रचनाकाराने स्वतः सांगितले आहे. क्रमांक आधी राखून ठेवला असेल, अथवा मोकळ्या झालेल्या क्रमांकावर म्यू मागाहून बसविला असेल; यादी दोन्ही अर्थ सहन करते. ग्रंथातील स्थान आणि ग्रंथात येण्याचा काळ या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा पाठचिकित्सेचा जुना धडा येथे नव्याने पटतो.

मग या सामग्रीचे करावयाचे काय? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तिने या प्रश्नाचे एक आदर्श उत्तर देऊन ठेवले आहे. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वात, गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची सर्वतोमुखी असलेली कथा मुख्य संहितेत नाही. ती परिशिष्टात आहे. लोकप्रियता हे संहितेत घेण्याचे कारण झाले नाही, आणि संहितेत न घेणे हे फेकून देण्याचेही कारण झाले नाही. आधार कोणत्या पोथ्यांचा, हे सांगून ती जपली गेली. कॅसेटीतील अवशेषांनाही हेच स्थान शोभते. त्यांस ‘खरा खेळ’ म्हणून सिंहासनावर बसवू नये आणि कचरा म्हणून झाडूनही टाकू नये. परिशिष्टात, वर्ग आणि आधार नोंदवून, त्यांची मांडणी व्हावी.

हा प्रश्न केवळ जपानी खेळण्यांचा नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या खेळाची पुनर्निर्मिती युबीसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची घोषणा झाली. मे २०२२ मध्ये ते काम माँट्रियल येथील शाखेकडे सोपविण्यात आले. पुण्या-मुंबईच्या चित्रकारांनी व संकेतलेखकांनी केलेल्या कामाचा जो अंश लोकांनी पाहिला, तो घोषणेच्या वेळच्या चित्रफितीपुरता. गेम बॉयच्या कॅसेटीत गाळलेला मजकूर निदान ग्राहकाच्या घरी पोहोचत होता, म्हणून तीस वर्षांनी तो वाचता आला. आज खेळ जाळ्यावरून उतरवून घेतले जातात, दुरुस्तीबरोबर जुना पाठ पुसला जातो आणि दुकानच बंद होते. २०१८ साली जी. एस. बॉल पुन्हा ज्या दुकानातून मिळाला, तेथील खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबली. जो प्रसंग दोनदा प्रयुक्त झाला तो नव्या ग्राहकास पुन्हा अप्राप्य झाला आहे.

पोथ्या गोळा करण्याची, पाठभेद नोंदविण्याची आणि त्याज्य ठरलेल्या ओळीही परिशिष्टात जपण्याची शिस्त महाराष्ट्रातील संस्थांनी शंभर वर्षे बाळगली आहे. हौशी शोधकांजवळ चिकाटी आहे, यंत्राचे ज्ञान आहे आणि सामग्रीही आहे. त्यांना उणीव आहे ती संज्ञांच्या काटेकोरपणाची. ती शिस्त विद्यापीठीय अभ्यासकांनी या नव्या ‘पोथ्यां’पर्यंत नेली, तरच प्रयुक्त व अप्रयुक्त या शब्दांना तेथे शास्त्रीय अर्थ लाभेल. अन्यथा पुढील पिढीच्या हाती भासपाठ तेवढे उरतील आणि मसुदे नाहीसे झालेले असतील.