खानदेशातील लोकलढे आणि इतिहासाचे अध्यापन : एक चिकित्सा

नंदुरबार येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. खानदेशातील विद्यार्थ्याला ही घटना शालेय वयापासून परिचित असते. फैजपूर काँग्रेसचे नावही त्याने ऐकलेले असते. मात्र या लढ्यांतील माणसे नेमके काय मागत होती व कोणाकडे मागत होती, हा प्रश्न वर्गात विचारला जातोच असे नाही. हक्कांचा इतिहास केवळ पुण्यस्मरणाच्या अंगाने शिकविला गेला म्हणजे बलिदान लक्षात राहते आणि मागणी विस्मृतीत जाते.

फैजपूरचेच उदाहरण घेता येईल. डिसेंबर १९३६ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागातील हे पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांची कलात्मक मांडणी, धनाजी नाना चौधरी व साने गुरुजी यांनी घेतलेले परिश्रम, यांचे वर्णन आवडीने केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु याच अधिवेशनाने एक शेतीविषयक कार्यक्रम संमत केला होता. खंड व शेतसारा कमी करावा, न परवडणाऱ्या धारणक्षेत्रांना त्यातून सूट मिळावी, कर्जाच्या ओझ्यातून शेतकऱ्याची सुटका व्हावी, शेतमजुरास निर्वाहापुरते वेतन मिळावे, शेतकरी संघटनांना मान्यता द्यावी, अशा त्यातील मागण्या होत्या. प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीचा आग्रहही येथेच धरला गेला. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, प्रांतिक निवडणुका झाल्या त्या मात्र मालमत्ता, करभरणा व शिक्षण यांवर बेतलेल्या मर्यादित मताधिकारावर. फैजपूरच्या मंडपात बसलेल्या शेतमजुरांपैकी कितीजणांना मत देता आले असेल, हा एक प्रश्नही विद्यार्थ्यांना लोकशाही सुधारणेचा अर्थ व्याख्यानापेक्षा अधिक नेमका समजावू शकेल.

त्यानंतरचा प्रसंग अधिक अवघड आहे. कदाचित म्हणूनच तो टाळला जात असावा. १९३८ साली पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून साने गुरुजींनी सभा घेतल्या, शेतकऱ्यांना संघटित केले, कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले. त्या वेळी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे, म्हणजे काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. ज्या पक्षासाठी गुरुजींनी तुरुंगवास सोसला, त्याच पक्षाच्या सरकारपुढे त्यांनी फैजपूरच्या ठरावाला साजेशी मागणी ठेवली. ‘श्यामची आई’चे हळवे लेखक एवढीच त्यांची ओळख करून देणाऱ्या अध्यापनात हा प्रसंग बसत नाही. आपल्या माणसांच्या राज्यातही हक्क मागावाच लागतो, ही गोष्ट विद्यार्थ्याला परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्यातून समजणे कठीण आहे.

याचा अर्थ प्रत्येक उठावाला लोकशाहीचे नाव द्यावे असा नव्हे. १८५२ साली महसुली मोजणीच्या विरोधात सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक मोठ्या संख्येने जमले आणि सैन्य आणून तो विरोध मोडण्यात आला. सरकारी लेखनात त्याची नोंद ‘दंगा’ अशी होते. हा शब्द जसाच्या तसा स्वीकारणे जितके चुकीचे, तितकेच देशमुख-पाटलांच्या वतनी हितसंबंधांकडे दुर्लक्ष करून त्याला निखळ जनआंदोलन ठरविणेही चुकीचे. एकाच जमावात सामान्य कुणब्याचे गाऱ्हाणे कोणते व वतनदाराचे कोणते, हे वेगळे करून दाखविणे हेच येथे शिक्षकाचे काम आहे.

हीच कसोटी शहाद्याच्या चळवळीला लावली तर अध्यापनाची खरी परीक्षा होते. त्या काळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्ल आदिवासी संघटित झाले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात व सालदाराला माणसासारखी वागणूक मिळावी, हे या चळवळीचे प्रमुख प्रश्न होते. समोर होते ते गावातलेच बडे बागायतदार. महाविद्यालयाच्या वर्गात सालदाराची मुलगी व बागायतदाराचा मुलगा शेजारी बसलेले असू शकतात. त्यामुळे हा विषय ‘वादग्रस्त’ म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. वस्तुतः आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा अभ्यासाला उपलब्ध आहे. त्यातील कलमे आणि फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम एकाच तासिकेत शेजारी ठेवून वाचता येतात. शेतमजुराच्या वेतनाचा उल्लेख १९३६ च्या त्या ठरावात होता. शहाद्यातील सालदाराला तो प्रश्न छत्तीस वर्षांनी पुन्हा मांडावा लागला.