‘द चेंबर्ड नॉटिलस’ : रूपक आणि शरीररचना

ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या ‘द चेंबर्ड नॉटिलस’ (१८५८) या कवितेत शंखातील प्राणी जुना कप्पा सोडून अधिक प्रशस्त अशा नव्या कप्प्यात जातो, मागचे दार बुजवितो. आणि त्यावरून कवी आत्म्याच्या उन्नतीचा बोध घेतो. रूपक मोहक आहे. परंतु त्याचा आधार अर्धाच खरा आहे. नॉटिलस सर्वांत बाहेरच्या कप्प्यात राहतो, हे यथार्थ होय. तथापि कप्प्याकप्प्यांमधील प्रत्येक पडद्याला छिद्र असते आणि त्यांतून सायफंकल ही सजीव ऊतीची नळी थेट पहिल्या कप्प्यापर्यंत जाते. नव्या कप्प्यातील द्रव तीच शोषून घेते. त्याची जागा वायू घेतो व प्राण्याचे पाण्यातील वजन तोलले जाते.

रिचर्ड ओवेन यांनी या प्राण्याच्या शरीररचनेचे सविस्तर वर्णन १८३२ मध्येच केले होते. होम्स तर स्वतः हार्वर्डमध्ये शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणून ही त्रुटी अज्ञानापेक्षा निवडीची मानणे अधिक युक्त. त्या निवडीने बोध सुटसुटीत झाला, पण अनुभव उणा पडला. भूतकाळ मागे टाकण्याचा उपदेश ज्या शंखावरून केला, तो शंख त्या मागल्या कप्प्यांच्याच बळावर तरतो.