संघटन-वर्तनातील व्यक्तिमत्त्वविचार : वऱ्हाडच्या कापूस-व्यवसायाच्या कसोटीवर

संघटन-वर्तन या विषयाच्या प्रवेशिकांत विवेचनाचा एक क्रम रूढ झाला आहे. प्रथम व्यक्ती, नंतर गट आणि शेवटी संघटना. स्टीफन रॉबिन्स यांच्या १९७९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या सुप्रसिद्ध पाठ्यग्रंथाची मांडणीही याच धर्तीची आहे. अध्यापनाच्या दृष्टीने हा क्रम सोयीचा खरा. परंतु कामाच्या ठिकाणचे वर्तन मुख्यतः स्वभावातूनच उद्भवते, असा ग्रह त्यातून विद्यार्थ्याच्या मनात नकळत रुजतो. अमरावती व अकोला येथील कापूस-व्यवसाय नजरेसमोर ठेवला म्हणजे या ग्रहाची मर्यादा स्पष्ट होते.

व्यक्तिमत्त्वाचा विचार निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दाखविले की, कर्तव्यदक्षता या गुणाचा कार्यसिद्धीशी असलेला संबंध सर्व व्यवसायगटांत आढळतो. मात्र वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंचे फलित होय, हे कुर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच सूत्ररूपाने सांगितले होते. वॉल्टर मिशेल यांनी पुढे प्रबळ आणि दुर्बळ परिस्थिती असा भेद केला. जेथे काय करावयाचे हे परिस्थितीच ठरवून देते, तेथे स्वभावभेदांना वाव उरत नाही. जेथे निवडीस मोकळीक असते, तेथेच ते प्रकट होतात.

जिनिंगच्या कारखान्यातील काम हे प्रबळ परिस्थितीचे ठळक उदाहरण होय. रुळांचा वेग यंत्र ठरविते. सरकीपासून रुई वेगळी होण्याचा क्रम कोणाच्या मनोवृत्तीवर अवलंबून नसतो. काम हंगामी असल्याने पुढील वर्षाची शाश्वती नसते. अशा ठिकाणी एखादी मजूर स्त्री गप्प राहते, तेव्हा तिला अंतर्मुख ठरविणे घाईचे होईल; यंत्रांचा आवाज आणि रोजगाराची अनिश्चितता हीही तिच्या मौनाची कारणे असू शकतात. मुकादम एखाद्याला ‘कामचोर’ म्हणतो, तेव्हा परिस्थितीचा भार व्यक्तीच्या माथी मारला जातो. ली रॉस यांनी १९७७ मध्ये याच प्रमादास कारणमीमांसेतील मूलभूत चूक म्हटले. पाठ्यग्रंथ ही चूक एका प्रकरणात समजावून सांगतो आणि आपल्या मांडणीतून तिलाच खतपाणी घालतो, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मग व्यक्तिमत्त्वाचा शोध कोठे घ्यावा? जेथे निर्णयाची मोकळीक आहे तेथे. कापसाची प्रत नजरेने व हाताने पारखणारा, माप करणारा मापाडी, हजेरी लिहिणारा मुकादम यांच्या स्वभावाचे परिणाम इतरांच्या पदरी पडतात. हमालाच्या स्वभावापेक्षा त्यांच्या स्वभावाचा अभ्यास अधिक फलदायी ठरेल. 

या प्रश्नाचे एक व्यावहारिक उत्तर वऱ्हाडाने फार पूर्वी दिले आहे. आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. व्यापारी प्रामाणिक स्वभावाचा निघेल या आशेवर शेतकऱ्याला न सोडता, मनमानीस वाव देणारी परिस्थितीच बदलावी, हे त्यामागील तत्त्व होय. १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगानेही नियंत्रित बाजारांचा पुरस्कार केला. अर्थात नियमाने मोकळीक संकुचित होते, संपत नाही. पारखणाऱ्याच्या नजरेत ती उरतेच.

म्हणून प्रवेशिकेचा क्रम उलटा असणे इष्ट होय. प्रथम कामाची रचना, वेतन व अधिकार यांचे वर्णन. त्यानंतर कोणाच्या हाती किती निवड आहे याची नोंद. आणि अखेरीस व्यक्तिमत्त्व. हा क्रम पाळला नाही, तर शास्त्राच्या भाषेत मुकादमाचाच शेरा पुन्हा लिहिला जाईल.