शेजारधर्म आणि संस्था : इव्हान इलिच यांच्या विचाराची एक मर्यादा

इव्हान इलिच (१९२६–२००२) आपल्याकडे परिचित झाले ते प्रामुख्याने ‘डीस्कूलिंग सोसायटी’ (१९७१) या ग्रंथामुळे. शाळेची आणि पुढे वैद्यकव्यवस्थेची झडती घेणारा विचारवंत, ही त्यांची प्रतिमा रूढ झाली. ते १९५१ मध्ये दीक्षा घेतलेले कॅथलिक धर्मगुरू होते. मेक्सिकोतील कुएर्नावाका येथील त्यांच्या केंद्राच्या संदर्भात १९६८ मध्ये व्हॅटिकनने त्यांना चौकशीसाठी पाचारण केले आणि पुढील वर्षी त्यांनी पौरोहित्याची कार्ये सोडली. हा तपशील केवळ चरित्राचा मानला जातो. वस्तुतः त्यांच्या संस्थामीमांसेचे मर्म तेथेच आहे.

उत्तरायुष्यातील डेव्हिड केयली यांच्याशी झालेल्या संभाषणांत इलिच शोमरोन्याच्या दृष्टान्ताकडे वारंवार वळतात. जखमी वाटसरूपाशी थांबणारा शोमरोनी त्याच्या समाजातला नव्हता. शेजारी कोण, हे कुळाने वा गावाने ठरवून दिलेले नसते. ते मुक्तपणे स्वीकारावयाचे असते. चर्चने या स्वेच्छेची हमी देण्यासाठी आश्रयगृहे उभारली. आधुनिक सेवासंस्था ही त्यांचीच वंशज होत, असे इलिच यांचे प्रतिपादन आहे. करुणेची हमी देणारी यंत्रणा माणसाला करुणेच्या जबाबदारीतूनच मोकळे करते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने आधुनिक संस्था ही ख्रिस्ती प्रेमाची विकृती आहे, त्याचा नकार नव्हे.

जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथील परिषदेत त्यांनी बापूकुटीवर केलेले भाषण याच प्रकाशात वाचावयास हवे. सामानसुमान साठविण्याची वास्तू आणि माणसाने राहण्याचे घर यांत त्यांनी केलेला भेद मार्मिक आहे. परंतु महाराष्ट्रात तो निःशंकपणे स्वीकारता येत नाही. कुटी ज्या ग्रामजीवनाची आठवण देते, त्यात शेजारी जातीने आधीच ठरलेला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याविषयीच्या गौरवभावनेवर केलेला प्रहार या वास्तवातूनच आला होता. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शोमरोनी वाटेवर येत नव्हता, म्हणून हमी मागावी लागली. शाळा येथे करुणेची विकृती म्हणून आली नाही. करुणेच्या अभावावरील उत्तर म्हणून आली.

मग इलिच निरुपयोगी ठरतात काय? हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानालगतचे वाकड पाहावे. शेतजमिनींवर उभी राहिलेली उंच गृहसंकुले परगावच्या माणसाला गावकीच्या ओळखीतून काही अंशी सुटका देतात. ही प्राप्ती लहान नव्हे. पण तेथे शेजारधर्म मासिक देखभाल शुल्कात सामावला जातो. फाटकाशी आलेला अनोळखी माणूस प्रथम नोंदवहीतील एक नोंद होतो. त्याचे काय करावयाचे, हे रहिवाशाने नव्हे, तर नियमाने ठरवावयाचे असते. इलिच यांचा प्रश्न येथे जिवंत होतो.

फुले यांचा दावा प्रवेशाचा आहे, इलिच यांचा प्रश्न प्रवेशानंतरचा. हा क्रम पाळला तर दोघे परस्परांना पूरक ठरतात. तो उलटला, तर इलिच यांची चिकित्सा शाळा लाभलेल्यांनी शाळा न लाभलेल्यांना केलेला उपदेश होऊन बसते, आणि सार्वजनिक जबाबदारीतून अंग काढू पाहणाऱ्या कोणत्याही सत्तेला ती सोयीची ठरते.