खुली नागरी माहिती आणि सामाजिक नकाशे : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर यांच्या संदर्भात एक चिकित्सा

शासनाकडील माहिती खुली झाली की तिच्या आधारे लोकोपयोगी नकाशे आणि अ‍ॅप आपोआप तयार होतील, असा विश्वास गेल्या दोन दशकांत बळावला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने ती संगणकास वाचता येईल अशा स्वरूपात देण्याचा आग्रह धरला. ओपनस्ट्रीटमॅपसारखा मुक्त नकाशा तर २००४ पासूनच उपलब्ध आहे. उल्हास खोऱ्यातील या तीन शहरांत ही साधने वापरू गेल्यास अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी आढळते.

उल्हासनगरचेच पाहू. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. लष्कर गेले, पत्ता मात्र छावणीचाच राहिला. कॅम्प, सेक्शन, बॅरेक क्रमांक, खोली : टपालवाला, रिक्षावाला आणि परगावचा पाहुणा याच क्रमाने घर शोधतात. महापालिकेची माहिती येते ती प्रभागनिहाय, आणि प्रभागांच्या सीमा निवडणुकांसाठी पुन्हा पुन्हा आखल्या जातात. २०११ च्या जनगणनेतील ५,०६,०९८ लोकसंख्या प्रभागांत रंगवून दाखविणे सोपे आहे. त्या रंगांत आपली बॅरेक कोठे, हे रहिवाशास कळत नाही.

हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते. २८ मे २०२१ रोजी उल्हासनगरात एका इमारतीचे स्लॅब कोसळून सात जणांचा बळी गेला, तेव्हा अशी यादी नकाशावर यावी, ही अपेक्षा रास्तच होय. पण एकाच नावाच्या अनेक इमारती असलेल्या शहरात (आणि येथे देवदेवतांच्या नावांना तोटा नाही) खूण दहा पावले चुकली तरी शेजारच्या इमारतीचा भाडेकरू जातो, कर्ज अडते. खूण अचूक असली तरी प्रश्न उरतोच. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ मध्ये या शहराकरिता स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा ठिकाणी नकाशावरील लाल टिंब रहिवाशास इशारा देते, तसेच त्याच्याविरुद्ध पुरावाही ठरू शकते. अ‍ॅप बनविणाऱ्यांच्या लेखनात याचा विचार क्वचितच दिसतो.

नद्यांच्या बाबतीत माहिती हद्दीपाशी तुटते. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगर ओलांडून कल्याणला जाते. म्हणजे एक नगरपरिषद आणि दोन महापालिका. प्रदूषणाच्या नोंदी आणखी निराळ्या मंडळाकडे. बदलापूरला २६ जुलै २००५ च्या पुराने वेढले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. उल्हासची पूररेषा नकाशावर हवी, याविषयी दुमत नसावे. परंतु २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतील पुराची लाल रेषा यांतील भेद, तसेच सर्वेक्षणाचे वर्ष न देता ती रेषा अ‍ॅपमध्ये आली, तर जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या कुटुंबाचे घर एका रात्रीत कवडीमोल होऊ शकते.

पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्त्यांचे नकाशे रहिवाशांच्या सहभागाने, घरोघर सर्वेक्षण करून तयार केले. प्रस्तुत लेखकास हा मार्ग संथ असला तरी अधिक विश्वासार्ह वाटतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. खासगीरीत्या बनविलेल्या सामाजिक नकाशास असे कोणतेही बंधन नाही. निदान प्रत्येक खुणेसोबत नोंद कोणी केली, केव्हा केली, कोणत्या कागदावरून केली आणि हरकत कोठे नोंदवावी, एवढे तरी त्याने द्यावे. आणि उल्हासनगरसाठी पत्त्याच्या रकान्यात प्रभागाआधी कॅम्प, सेक्शन व बॅरेक यांना जागा ठेवावी.