बद्ध इच्छा की मुक्त इच्छा? : इरॅस्मस आणि ल्यूथर यांच्या वादग्रंथांचे परीक्षण

हिंदू मनुष्य दैववादी आणि ख्रिस्ती मनुष्य प्रयत्नवादी, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की तिचे मूळ शोधण्याचे श्रम सहसा कोणी घेत नाही. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांनी ती पेरली आणि आपल्यातीलच काही सुशिक्षितांनी तिला पाणी घातले. मुंबईत १८३२ साली मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून हिंदू धर्माच्या खंडनाचा ग्रंथ लिहिणारे जॉन विल्सन हे स्कॉटिश चर्चचे होते. आणि त्या चर्चने प्रमाण मानलेल्या वेस्टमिन्स्टरच्या सतराव्या शतकातील श्रद्धापत्रकात, जे जे घडते ते ते ईश्वराने अनादि काळीच नेमून ठेवले आहे, असे स्वच्छ विधान आहे. त्यामुळे मनुष्याच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही अशी पुस्ती तेथेच जोडलेली आहे, हे खरे. तथापि ज्या घरातून आपल्यावर दैववादाचा आरोप आला, त्या घराच्या तुळईवरच दैव कोरलेले होते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक असते तर त्यांनी उत्तरे अधिक निर्भयपणे दिली असती.

हा वाद मुळातून समजून घ्यावयाचा तर दोन लॅटिन ग्रंथ समोर ठेवावेत. पहिला डेसिडेरियस इरॅस्मसचा, सप्टेंबर १५२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘इच्छास्वातंत्र्याविषयी’. दुसरा मार्टिन ल्यूथरचा, डिसेंबर १५२५ मधला. त्याचे नावच प्रतिपक्षाला उलटून टाकणारे, ‘बद्ध इच्छेविषयी’. इरॅस्मस हा त्या काळच्या युरोपातील विद्वन्मंडळाचा मुकुटमणी. नव्या कराराची ग्रीक संहिता त्याने १५१६ मध्ये छापली होती आणि ल्यूथरने ती पुढे ठेवूनच जर्मन भाषांतर केले होते. म्हणजे हा वाद शत्रूंचा नव्हे. एकाच पोथीवर पोसलेल्या दोघांचा आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. चौथ्या आणि पाचव्या शतकांच्या संधिकाळात ऑगस्टीनने आपल्या आत्मचरित्रात देवाला विनविले होते की, तू जे करावयास सांगतोस ते करण्याचे बळही तूच दे. पेलागियस नावाच्या तपस्व्याला ही प्रार्थना खपली नाही. बळही देवानेच द्यावयाचे तर मनुष्याची जबाबदारी कोठे राहिली, हा त्याचा आक्षेप. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या मताचा निषेध केला. आदामाच्या पतनाने मनुष्याची इच्छा विकल झाली आहे आणि ईश्वरी प्रसादावाचून तिला उठता येत नाही, हे मत चर्चमध्ये मान्य झाले. पण विकल म्हणजे लंगडी की मृत? ऑगस्टीनचे नाव घेत घेत हजार वर्षे हा प्रश्न संदिग्ध राहिला. १५२० साली पोपच्या आज्ञापत्राला उत्तर देताना ल्यूथरने लिहून टाकले की पतनानंतर इच्छास्वातंत्र्य हे केवळ नाव उरले आहे. त्यावर काहीतरी लिही, म्हणून इरॅस्मसच्या मागे राजांचा आणि धर्माधिकाऱ्यांचा लकडा लागला होता.

एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. घर बांधावे की नाही, शेत विकावे की राखावे, अशा व्यवहारात मनुष्याला निवड आहे, हे ल्यूथरही कबूल करतो. वाद तारणाचा आहे. देवाकडे वळण्यासाठी मनुष्याजवळ स्वतःची म्हणून तसूभर तरी शक्ती आहे काय, एवढाच प्रश्न आहे. आणि इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याची व्याख्याही तशीच बांधली आहे: चिरंतन तारणाकडे नेणाऱ्या गोष्टींना स्वतःला जोडण्याचे, किंवा त्यांपासून तोंड फिरविण्याचे, इच्छेचे सामर्थ्य.

इरॅस्मसचा ग्रंथ आटोपशीर, सभ्य आणि जरासा घाबरट आहे. ठाम विधाने करण्याची आपल्याला आवड नाही, शास्त्र व चर्च यांची मोकळीक असेल तेथे आपण संशयवाद्यांच्या पंक्तीत बसू, असे तो प्रारंभीच सांगतो. त्याचा मुख्य युक्तिवाद मात्र भक्कम आहे. बायबलात पानोपानी आज्ञा आहेत: निवडा, परत फिरा, पाळा. मोशे लोकांपुढे जीवन आणि मरण ठेवतो व जीवन निवडावयास सांगतो. ज्याला निवडता येतच नाही त्याला निवड म्हणून सांगणे म्हणजे हातपाय बांधलेल्यास चाल म्हणण्यासारखे आहे. आणि तो चालला नाही म्हणून त्याला शिक्षा करणारा देव न्यायी कसा? असे असूनही इरॅस्मस सगळे श्रेय मनुष्याला देत नाही. त्याने एक दृष्टान्त दिला आहे. अजून नीट न चालणारे मूल पडते. बाप त्याला उचलतो, समोरचे सफरचंद दाखवितो, हात धरतो, पावले टाकवितो आणि शेवटी फळ हातात देतो. मुलाचे त्यात काय? फक्त त्याने हात झिडकारला नाही आणि फळाकडे जाण्याची इच्छा केली. एवढी इच्छा इरॅस्मसला मनुष्यासाठी राखून ठेवावयाची आहे.

ल्यूथरचे उत्तर विस्ताराने कितीतरी मोठे आणि शिव्यांनी भरलेले आहे. इरॅस्मसच्या सुंदर लॅटिनमधून हा विषय येणे म्हणजे सोन्याचांदीच्या ताटांतून घाण वाहून नेणे होय, असे तो पहिल्याच पानांत म्हणतो. असली भाषा आपल्या जुन्या शास्त्रार्थांतही दुर्मिळ नाही, म्हणून तिच्यावर वेळ घालवीत नाही. महत्त्वाचे हे की त्याच इरॅस्मसचे तो शेवटी आभारही मानतो: इतर सर्वांनी पोपची सत्ता, शुद्धिलोक, पापक्षमापत्रे असल्या किरकोळ गोष्टींवरून आपल्याला छळले, वादाच्या मुळावर घाव घालणारा तू एकटाच.

आज्ञेवरून सामर्थ्य सिद्ध होते, या युक्तिवादाला ल्यूथरने दिलेले उत्तर या ग्रंथातील सर्वोत्कृष्ट भाग होय. तो म्हणतो, आज्ञार्थी क्रियापदावरून विधानार्थ काढणे हे व्याकरणाचेच अज्ञान आहे. ‘कर’ म्हटल्याने ‘तू करू शकतोस’ असे ठरत नाही. आईबाप कितीदा तरी लेकराला ये, हे कर, म्हणतात, ते त्याला आपली असमर्थता कळावी आणि त्याने त्यांना हाक मारावी म्हणून. नियमशास्त्राचे कार्य हेच. येथे समीक्षकाने थांबावयास हवे, कारण दोन्ही पक्षांनी एकच चित्र वापरले आहे. दोघांकडे बाप आहे, दोघांकडे लेकरू आहे. इरॅस्मसच्या चित्रात लेकरू फळाकडे पाहते. ल्यूथरच्या चित्रात ते पडल्यावर बापाकडे पाहते. वादाचे मर्म मला या दोन नजरांत दिसते. दोघेही पुढे शेकडो वचने उद्धृत करतात, पण त्यांनी या दोन चित्रांपलीकडे फारसे काही सिद्ध होत नाही.

पण ल्यूथर तेथे थांबत नाही. मनुष्याची इच्छा म्हणजे ओझ्याचे जनावर. देव स्वार झाला तर ते देवाच्या मार्गाने जाते, सैतान स्वार झाला तर सैतानाच्या. आणि स्वार निवडणे जनावराच्या हाती नाही. आपल्याकडील इंग्रजी शिकलेले लेखक ख्रिस्ती कृपावादाचा विषय निघाला की लगेच श्रीवैष्णवांचे मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर न्याय पुढे करतात. ही तुलना झिजून गुळगुळीत झाली आहे आणि ती येथे लागूही पडत नाही. माकडाचे पोर आईला बिलगो की मांजरीचे पोर आईच्या तोंडात लोंबकळो, दोन्हीकडे आई आहे. ल्यूथरच्या जनावरावर वैरीही बसू शकतो.

अधिक जवळची तुलना ब्रह्मसूत्रांत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीवाला कर्ता म्हटले आहे, आणि कारण दिले आहे ते असे की, एरवी शास्त्राचे विधिनिषेध निरर्थक होतील. हा शब्दशः इरॅस्मसचा युक्तिवाद आहे. थोडे पुढे जाऊन सूत्रकार म्हणतात की हे कर्तृत्व परमेश्वराकडून येते. येथे ल्यूथरने मान डोलाविली असती. आणि लगेच तिसरे सूत्र सांगते की ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवूनच त्याच्याकडून कर्म करवितो. तो प्रयत्नही ईश्वरानेच करविला ना, या शंकेला शंकराचार्यांचे उत्तर असे की, आधीच्या प्रयत्नास अनुसरून. आणि संसार अनादि असल्यामुळे ही मालिका कोठे तुटत नाही. पाऊस सर्व बीजांना सारखाच. भाताचे भात आणि जवाचे जव होते ते बीजामुळे.

ख्रिस्ती पंडिताला हीच वाट बंद आहे. त्याच्या जगाला आरंभ आहे, जीव निर्माण केलेला आहे, जन्म एकच आहे. बीज कोणी पेरले, या प्रश्नाचे उत्तर त्याला मागच्या जन्मावर लोटता येत नाही. सगळा भार आदामाच्या एका कृतीवर आणि आदामाच्या निर्मात्यावर पडतो. फारोचे मन देवानेच कठोर केले, ही निर्गमातील कथा. याकोब व एसाव आईच्या पोटात असतानाच एक आवडता व एक नावडता ठरला, हे पौलाच्या रोमकरांस पत्रातील विवेचन. कुंभाराला मडके विचारू शकत नाही, हा तेथलाच दृष्टान्त: ही स्थळे इरॅस्मस सौम्य करून वाचतो आणि ल्यूथर जशीच्या तशी वाचतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, पौलाचा वाचक म्हणून ल्यूथर अधिक प्रामाणिक आहे.

यावरून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही. अनादित्वाने वैषम्य आणि नैर्घृण्य यांचा दोष ईश्वरावरून टळतो, पण पहिले बीज असे का, हा प्रश्न सुटत नाही. तो विचारण्यास जागा उरत नाही, इतकेच. आपल्यापैकी ज्यांनी ही अडचण डोळे उघडे ठेवून पाहिली ते मध्वाचार्य. त्यांनी जीवांत स्वरूपतःच तीन प्रकार मानले: मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य. तमोयोग्य जीवाला अंधतमस हेच अंतिम स्थान. गोव्यात व कारवार-मंगळूरकडे जी सारस्वत कुटुंबे पर्तगाळी मठाचा किंवा काशी मठाचा अनुग्रह घेतात, त्यांनी कॅल्विनच्या ‘काही तारणासाठी, काही नाशासाठी’ या सिद्धान्ताला हसण्यापूर्वी आपल्या परंपरेतील हे तारतम्य आठवावे. भेद आहे, आणि तो मोठा आहे: मध्वांचा हरी जीवाची योग्यता निर्माण करीत नाही, तिच्याप्रमाणे फळ देतो; कॅल्विनचा देव शून्यातून जीव घडवितो आणि त्याचा शेवटही आपणच ठरवितो. पण कठोरपणाची जात एकच.

रोमन चर्चने पुढे इरॅस्मसच्या बाजूस झुकता निर्णय दिला. ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये जाहीर केले की देवाने हालविलेली इच्छा त्या प्रेरणेला संमती देऊ शकते आणि ती नाकारूही शकते. तरी भांडण मिटले नाही. १५८८ साली लिस्बनमध्ये जेझुइट पंडित मोलिना याचा ग्रंथ निघाला. डोमिनिकनांनी त्यावर पेलागियसचा ठपका ठेवला. रोममध्ये वर्षानुवर्षे सुनावण्या झाल्या आणि १६०७ मध्ये पाचव्या पॉल पोपने कोणताच निर्णय न देता दोघांनाही घरी पाठविले. दोन्ही पंथांचे मठ त्या काळी गोव्यात होते. फादर स्टीफन्स १५७९ पासून येथे होते आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले.

गोव्याचा उल्लेख केवळ ओघाने आला नाही. येथील पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने १५६७ मध्ये असा ठराव केला की, भीती घालून वा बळजबरीने कोणालाही बाप्तिस्म्यास आणणे योग्य नाही, कारण पित्याच्या पूर्वप्रसादाने आणि स्वखुशीच्या प्रेमाने ओढल्यावाचून कोणी ख्रिस्ताकडे येत नाही. सिद्धान्त म्हणून याहून शुद्ध वाक्य इरॅस्मसलाही लिहिता आले नसते. त्याच वर्षी साष्टीतील देवळे पाडण्यात आली. ज्यांचे कुलदैवत पालखीतून अंत्रुजात आले, त्यांच्या वंशजांना इच्छास्वातंत्र्याच्या चर्चेतली ही बाजू पुस्तकातून शिकावी लागत नाही. मात्र यावरून तो ठरावच दांभिक ठरवून टाकणे मला मान्य नाही. इच्छा मुक्त असल्याखेरीज श्रद्धेला किंमत नाही, हे ज्यांनी लिहिले त्यांच्याविरुद्ध त्यांचेच वाक्य साक्ष देते, आणि ती साक्ष जपून ठेवण्याजोगी आहे.

ल्यूथरकडे परत येतो, कारण त्याच्या ग्रंथाच्या अखेरीस दोन गोष्टी आहेत ज्यांवाचून हे परीक्षण अपुरे राहील. एक कबुली आहे. तो म्हणतो की इच्छास्वातंत्र्य कोणी देऊ केले तरी ते आपल्याला नको. आपले तारण आपल्या हाती असते तर, कितीही तप केले तरी, एवढे पुरे झाले का, ही टोचणी मरेपर्यंत राहिली असती. त्याने मठात ही टोचणी वर्षानुवर्षे सोसली होती. इरॅस्मसला स्वातंत्र्य हे मनुष्याचे भूषण वाटते. ल्यूथरला ते न फिटणारे ऋण वाटते. व्रते, उपास, नवस करून ज्यांच्या मनातली ‘काही राहिले तर नाही ना’ ही शंका सुटत नाही, त्यांना ल्यूथरची ही पाने परकी वाटणार नाहीत.

दुसरी गोष्ट कबुलीच आहे, पण ल्यूथरने ती युक्तिवाद म्हणून मांडली आहे. निसर्गाच्या प्रकाशात, सज्जनाला दुःख आणि दुर्जनाला सुख का, हे कळत नाही. प्रसादाच्या प्रकाशात ते कळते, कारण परलोक आहे. प्रसादाच्या प्रकाशात, ज्याला स्वबळाने पापाखेरीज काही करताच येत नाही त्याला देव दंड का करतो, हे कळत नाही. ते गौरवाच्या प्रकाशात, म्हणजे देहान्तानंतर, कळेल. रचना मोठी देखणी आहे. पण तिचा अर्थ एवढाच की इरॅस्मसने विचारलेल्या प्रश्नाला शेकडो पानांनंतरही उत्तर नाही, मुदत आहे. ग्रंथ म्हणून ल्यूथरचा ग्रंथ कितीतरी पटींनी श्रेष्ठ आहे, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. आणि प्रश्न इरॅस्मसचा उरतो, याबद्दलही नाही.

इरॅस्मसने १५२६ व १५२७ मध्ये दोन भागांत प्रत्युत्तर लिहिले. ते लांबलचक आहे, दुखावलेल्या माणसाचे आहे, आणि फारसे कोणी वाचत नाही. ल्यूथरने त्याला उत्तर दिले नाही. १५३६ साली बाझल येथे इरॅस्मस वारला. पुढच्याच वर्षी ल्यूथरच्या समग्र ग्रंथांची आवृत्ती काढण्याची गोष्ट निघाली, तेव्हा त्याने एका मित्राला कळविले की आपले बाकीचे सगळे लेखन नष्ट झाले तरी चालेल. मुलांसाठी लिहिलेली प्रश्नोत्तरावली आणि इरॅस्मसविरुद्धचा हा ग्रंथ, एवढी दोनच आपली खरी पुस्तके.