मरणस्मरणाचे यंत्रसंगीत : ‘डेपेश मोड’च्या ‘मेमेंटो मोरी’ या अल्बमचे समीक्षण

प्रास्ताविक

इलेक्ट्रॉनिक संगीतावर एक आक्षेप सातत्याने घेतला जातो. यंत्राला वय नसते आणि थकवाही नसतो. म्हणून त्याच्या नादात मानवी दुःखाला स्थान मिळू शकत नाही, असे त्या आक्षेपाचे स्वरूप आहे. इंग्लंडमधील ‘डेपेश मोड’ या बँडचा २४ मार्च २०२३ रोजी प्रकाशित झालेला ‘मेमेंटो मोरी’ हा पंधरावा स्टुडिओ अल्बम या आक्षेपाची कसोटी पाहण्यास विशेष उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात या अल्बमचे शीर्षक, नादरचना आणि मर्यादा यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

एसेक्स परगण्यातील बॅझिल्डन या गावी १९८० मध्ये ‘डेपेश मोड’ची स्थापना झाली. ‘स्पीक अँड स्पेल’ हा पहिला अल्बम १९८१ मध्ये आला. त्याच वर्षी प्रमुख गीतकार व्हिन्स क्लार्क बाहेर पडले आणि गीतरचनेची जबाबदारी मुख्यतः मार्टिन गोर यांच्याकडे आली. १९८३ च्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’मध्ये धातूंच्या आघातांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचा लयीसाठी वापर करण्यात आला. १९९० च्या ‘व्हायोलेटर’ने बँडला जागतिक कीर्ती मिळवून दिली. १९९५ मध्ये अ‍ॅलन वाइल्डर गेल्यानंतर गोर, गायक डेव्ह गाहन आणि अँड्र्यू फ्लेचर हे तिघेच उरले. २६ मे २०२२ रोजी फ्लेचर यांचे निधन झाले. त्यामुळे ‘मेमेंटो मोरी’ हा उरलेल्या दोघांनी पूर्ण केलेला पहिला अल्बम होय.

शीर्षक व चरित्रात्मक वाचन

ही घटना लक्षात घेता, हा अल्बम म्हणजे दिवंगत सहकाऱ्यासाठी केलेला विलाप आहे असे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु शीर्षक आणि बरीचशी गीते फ्लेचर यांच्या निधनापूर्वीच, महासाथीच्या काळात आकारास आली होती. चरित्रात्मक वाचन येथे अपुरे पडते ते याच कारणाने.

‘मेमेंटो मोरी’ या लॅटिन शब्दसमूहाचा अर्थ ‘मरणाचे स्मरण ठेव’ असा आहे. सतराव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी कवटी, वाळूचे घड्याळ आणि विझती मेणबत्ती या प्रतिमांतून हाच आशय मांडला. विलापिका दुसऱ्याच्या मृत्यूविषयी बोलते. मरणस्मरण मात्र श्रोत्याला स्वतःच्या मृत्यूकडे पाहावयास लावते. भारतीय रसविचाराच्या परिभाषेत सांगायचे तर पहिल्याचा स्थायीभाव शोक, तर दुसऱ्याचा कल निर्वेदाकडे असतो. या अल्बमची वाटचाल शोकापेक्षा निर्वेदाच्या दिशेने अधिक होते.

नादरचना

‘माय कॉसमॉस इज माइन’ या पहिल्या गीतात जड, खरखरीत ध्वनींची संथ लय आहे. बाहेरच्या जगाने आपल्या विश्वात हस्तक्षेप करू नये, अशी मागणी त्यात आहे. पण भोवतीचा नाद त्या मागणीला दाद देत नाही. याउलट ‘घोस्ट्स अगेन’ची चाल जलद आणि प्रसन्न आहे. आपण सारे पुन्हा छायारूप होणार हा आशय उजळ सुरांत मांडल्यामुळे त्याची धार वाढते. अँटन कॉर्बाइन यांनी दिग्दर्शित केलेल्या या गीताच्या कृष्णधवल चित्रफितीत गाहन आणि गोर बुद्धिबळ खेळताना दिसतात. इंगमार बर्गमन यांच्या १९५७ च्या ‘द सेव्हन्थ सील’ या चित्रपटातील मृत्यूशी मांडलेल्या डावाचे स्मरण तेथे होते.

‘सोल विथ मी’ हे गोर यांनी गायिलेले गीत देह सोडण्याची कल्पना भयाविना, जवळजवळ अंगाईच्या संथपणाने मांडते. ‘स्पीक टू मी’ या अखेरच्या गीतात एकाकी आवाज क्रमाने वाढणाऱ्या नादात विलीन होतो.

या सर्व ठिकाणी यंत्राची लय अचूक व अथक आहे. तिच्यावर येणारा गाहन यांचा आवाज मात्र साठीच्या उंबरठ्यावरील माणसाचा आहे. तो खोल आणि काहीसा झिजलेला आहे. हे अंतर झाकण्याचा प्रयत्न निर्माते जेम्स फोर्ड यांनी केलेला नाही. यंत्राचे न थकणे हीच येथे कारुण्याची सामग्री बनते, कारण त्याच्याच तुलनेत माणसाचे थकणे ऐकू येते.

मर्यादा

बारा गीतांचा हा अल्बम सर्वत्र सारख्या उंचीवर राहत नाही. ‘पीपल आर गुड’ हे शीर्षक १९८४ च्या ‘पीपल आर पीपल’ची आठवण करून देते, परंतु त्यातील उपरोध इतका उघड आहे की पुनःश्रवणात नवे फारसे हाती लागत नाही. ‘ऑलवेज यू’ आणि ‘नेव्हर लेट मी गो’ ही गीते प्रेमातील व्याकुळतेच्या परिचित साच्यात राहतात व मध्यवर्ती आशयापासून दूर जातात. शिवाय ‘घोस्ट्स अगेन’मध्ये गिटारचा वाटा मोठा असल्याने, साऱ्या परिणामाचे श्रेय केवळ इलेक्ट्रॉनिक नादाला देणे योग्य होणार नाही.

निष्कर्ष

या मर्यादा मान्य करूनही अल्बमचे महत्त्व कमी होत नाही. यंत्रनाद भावशून्य असतो हा आक्षेप, नाद आणि आवाज यांना स्वतंत्रपणे ऐकण्यातून निर्माण होतो. ‘मेमेंटो मोरी’त भाव या दोहोंच्या संबंधात आहे. तारुण्यात ज्या यंत्रांनी या कलावंतांना नवेपणा दिला, तीच यंत्रे उतारवयात त्यांच्या नश्वरतेचे माप झाली आहेत. दीर्घ कारकिर्दीनंतरच साधू शकणारी ही उपलब्धी आहे, आणि या अल्बमचे मूल्य फ्लेचर यांच्या निधनाच्या संदर्भापेक्षा तिच्याच आधारे ठरविणे अधिक न्याय्य होईल.